जुन्या इंजिनाचे तुकडे करताना: बीड, पोलाद आणि ॲल्युमिनियम

खानापूर, चिकोडी किंवा निपाणीकडे विहिरीवरचे जुने डिझेल इंजिन मोडीत निघाले, तर त्याचे बीड, म्हणजे ओतीव लोखंड, पुन्हा वितळवणाऱ्या बेळगावच्या फाउंड्र्या फार लांब नाहीत. मात्र ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, अख्खा भट्टीत टाकता येत नाही. त्याचे तुकडे करावे लागतात, आणि ते कशाने करायचे हे मनगटाच्या जोरापेक्षा धातूतील कार्बनवर अधिक अवलंबून असते.

ब्लॉक आणि लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) बहुधा करड्या बिडाचे असतात. त्यात 3 टक्क्यांच्या आसपास कार्बन असून त्यातील बराचसा ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला असतो. हे पापुद्रे धातूच्या पोटातील भेगांसारखे वागतात. म्हणून घनाच्या घावाने बीड वाकत नाही, फुटते. हॅक्सॉने ते तेलाशिवाय कापता येते, कारण ग्रॅफाइट स्वतःच वंगणाचे काम करते, आणि लांब किसाऐवजी काळसर भुकटी पडते.

पोलाद सहज कापणारा गॅस कटर बिडापुढे अडतो, याचे कारण फार सुंदर आहे. गॅस कटर पोलाद वितळवत नाही, तर लालबुंद तापवून ऑक्सिजनच्या झोतात अक्षरशः जाळतो. त्यातून बनणारे लोहाचे ऑक्साइड सुमारे 1,370 अंश सेल्सिअसला वितळते आणि पोलाद त्याहून वरच्या तापमानाला, त्यामुळे ऑक्साइड वाहून जाते व छेदाची कड शाबूत राहते. बीड मात्र 1,200 अंशांच्या आसपासच, म्हणजे ऑक्साइडच्या आधी पाघळते, आणि स्वच्छ छेद मिळण्याऐवजी ओबडधोबड खड्डा पडतो.

पोलादी क्रँकशाफ्टच्या (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या दांड्याच्या) जर्नलचा, म्हणजे बेअरिंगमध्ये बसणाऱ्या गोल भागाचा, पृष्ठभाग पुष्कळदा काही मिलिमीटर खोलीपर्यंत कडक केलेला असतो. त्यावर हॅक्सॉचे पाते नुसते घसरते. ग्राइंडरने ते कवच छेदले, की आतील मऊ गाभा हाताने कापता येतो. 4 इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे 11,000 फेरे घेतो, तेव्हा चकतीची कड सेकंदाला 58 मीटर वेगाने धावते. गार्ड काढून त्यावर 7 इंची चकती चढवली, तर हा वेग 100 मीटरच्या पुढे जातो, आणि अशा चकत्यांची मर्यादा साधारण 80 मीटरची असते. चकती फाडू पाहणारा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने हे कदापि करू नये.

पिस्टनचे ॲल्युमिनियम चकतीच्या कणांत चिकटून बसते. त्याला हॅक्सॉ आणि थोडे रॉकेल बरे. ते बिडाच्या ढिगात मात्र मिसळू नये, कारण वितळलेल्या बिडात गेलेल्या थोड्याशा ॲल्युमिनियमनेही ओतकामात बारीक छिद्रे पडू शकतात.

ब्लॉकमधील, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पोकळ्या फोडून उघड्या करणे सर्वांत निकडीचे आहे. तिथे पाणी साचून राहिले आणि तो तुकडा वितळलेल्या धातूत बुडाला, तर पाण्याची वाफ क्षणात सुमारे 1,700 पट जागा मागते आणि तप्त रस भट्टीबाहेर उसळतो.