रासायनिक अभियांत्रिकी संशोधन, उद्योगांतील : ड्यूपॉन्टमधील प्रारंभ

प्रयोगशाळेतील चंबूत होणारी विक्रिया कारखान्यात टनावारी घडवायची म्हटली की उष्णता, प्रवाह, मिश्रण आणि विलगीकरण यांचे प्रश्न उभे राहतात. या प्रश्नांच्या मुळाशी जाणारे संशोधन उद्योगाने स्वतः हाती घेतल्याचे एक ठळक आरंभीचे उदाहरण म्हणजे अमेरिकेतील विल्मिंग्टन (डेलावेअर) येथील ड्यूपॉन्ट कंपनीचा गट.

रासायनिक अभियांत्रिकीची चौकट त्याआधीच तयार झाली होती. जॉर्ज डेव्हिस यांनी १८८७ मध्ये मँचेस्टरला या विषयावर व्याख्याने दिली. १९१५ मध्ये आर्थर लिटल यांनी ‘एकक क्रिया’ ही कल्पना मांडली : ऊर्ध्वपातन मद्यार्काचे असो वा पेट्रोलियमचे, क्रिया तीच. मात्र अशा क्रियेसाठी लागणारा मनोरा किती उंच हवा, नळ्या किती लागतील, हे पुष्कळसे अनुभवाच्या अंदाजानेच ठरत असे.

ड्यूपॉन्टच्या रसायन विभागाचे संचालक चार्ल्स स्टाइन यांनी १९२६ च्या अखेरीस मूलभूत संशोधनाचा प्रस्ताव कंपनीपुढे ठेवला आणि १९२७ मध्ये तो मंजूर झाला. याच कार्यक्रमातून वॉलेस कॅरोदर्स यांचे नायलॉन आले. नायलॉनची कीर्ती जगभर झाली. रासायनिक अभियांत्रिकी गटाचे काम तितक्याच मोलाचे असूनही अभियंत्यांच्या वर्तुळाबाहेर फारसे पोहोचले नाही. गटाचे नेतृत्व थॉमस चिल्टन यांच्याकडे होते. १९२९ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातून अ‍ॅलन कोलबर्न त्यांना येऊन मिळाले.

कोलबर्न यांच्यापुढील प्रश्न साधा दिसतो. नळीतून संक्षुब्ध, म्हणजे भोवऱ्यांनी घुसळलेला, प्रवाह वाहताना भिंतीशी घर्षण होते आणि भिंतीतून उष्णताही जाते. दोन्ही गोष्टी घडवणारे भोवरे एकच, मग एकीच्या मोजमापावरून दुसरी का सांगता येऊ नये? ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८७४ मध्येच हे साम्य दाखवले होते. वायूंना ते बरेचसे जुळे. पाणी आणि तेलांना जुळत नसे. कोलबर्न यांनी १९३३ मध्ये प्रांटल अंकाचा (द्रायूत गतीचा परिणाम किती वेगाने पसरतो आणि उष्णता किती वेगाने पसरते, यांच्या गुणोत्तराचा) दोन-तृतीयांश घात त्यात घातला आणि निरनिराळ्या द्रवांची व वायूंची निरीक्षणे एका सूत्रात बसू लागली. पुढच्याच वर्षी चिल्टन आणि कोलबर्न यांनी हेच साम्य वस्तुमान स्थानांतरणापर्यंत, म्हणजे वायूतील घटक द्रवात शोषला जाणे यांसारख्या क्रियांपर्यंत, नेले. नळीतील दाबाची घट मोजली की उष्णता आणि वस्तुमान या दोन्हींच्या स्थानांतरणाचे गुणांक काढता येऊ लागले. मर्यादाही आहे : प्रवाह नळ्यांच्या जुडग्याला आडवा जात असेल, तर दाब केवळ भिंतीच्या घर्षणाने घटत नाही आणि घर्षणाशी असलेली समानता तुटते.

१९३५ मध्ये या दोघांनी ‘स्थानांतरण एकका’ची उंची ही कल्पना मांडली; स्थानांतरण एकक म्हणजे मनोऱ्यात किती विलगीकरण साधायचे आहे याचे माप. आवश्यक एककांची संख्या गुणिले एका एककाची उंची, की भरण (वायू आणि द्रव यांचा संपर्क वाढवणारे तुकडे) घातलेल्या शोषण-मनोऱ्याची उंची मिळते. अभियंत्याच्या रोजच्या कामाला याहून सोयीचे साधन क्वचितच मिळाले असेल.

हे निष्कर्ष कंपनीने दडवून ठेवले नाहीत. ते व्यावसायिक नियतकालिकांत छापले गेले. विशिष्ट उत्पादनाचे गुपित त्यात नव्हते, पण प्रत्येक उत्पादनाला लागणारे गणित होते. त्यामुळे कारखान्याच्या गरजेतून निघालेली ही सूत्रे थेट पाठ्यपुस्तकांत गेली. १९३८ मध्ये कोलबर्न जवळच्याच न्यूअर्क येथील डेलावेअर विद्यापीठात गेले आणि तेथील रासायनिक अभियांत्रिकी विभाग त्यांनी उभा केला.