पूल नाही, तरी लय जुळलेलीच

१९९५ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या वैद्यकीय महाविद्यालयात भारत बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी काही जणांना एमआरआय यंत्रात नुसतं पडून राहायला सांगितलं. हात हलवायचा नाही, काहीच करायचं नाही. तरीही हाताच्या हालचाली सांभाळणारे मेंदूचे डावे-उजवे भाग एका लयीत होते. एकीकडचा सिग्नल चढला की दुसरीकडचाही चढायचा.

मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा कॉर्पस कॅलोसम नावाचा जाडजूड पूल आहे. त्यात सुमारे २० कोटी तंतू असतात. मग ही लय त्या पुलावरूनच जुळत असणार, असं कुणालाही वाटेल. पण काही माणसं जन्मतःच या पुलाशिवाय असतात. अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेतल्या संशोधकांनी अशा आठ प्रौढांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्याही डाव्या-उजव्या भागांची लय जवळजवळ इतरांसारखीच जुळलेली निघाली!

मेंदूतल्या जोडण्यांचे रंगीत नकाशे बघताना मला दरवेळी हे आठ जण आठवतात. नकाशात दोन ठिपक्यांमध्ये रेघ दिसली की आपण तिथे तार आहे असं धरून चालतो. खरं तर ती रेघ एवढंच सांगते, की हे दोघं बरोबर हलतात. निरोप थेट गेला, तिसऱ्याच्या हातून गेला, की दोघांनाही तिसऱ्यानेच सांगितलं, हे त्या रेघेत नसतं.

थोडं गणित करून बघू. अ चा निरोप ब ला जातो आणि ब चा क ला. अ आणि क यांच्यात काहीच जोडणी नाही. दोघांचे चढउतार किती जुळतात, याच्या आकड्याला सहसंबंध म्हणतात: अजिबात जुळत नसतील तर शून्य, पूर्ण जुळले तर एक. अ-ब चा सहसंबंध ०.८, ब-क चाही ०.८. मग अ आणि क यांचा आपोआपच ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ०.६४ येतो. नकाशावर ही रेघ चांगली ठसठशीत उमटेल, आणि ती खोटी असेल.

यावरचा जुना उपाय म्हणजे आंशिक सहसंबंध. ब वरून अ चा जेवढा अंदाज बांधता येतो तेवढा अ मधून वजा करायचा, क मधूनही तसाच, आणि उरलेले चढउतार अजून जुळतात का ते बघायचं. आपल्या उदाहरणात अ-क चा आकडा थेट शून्यावर येतो. क वजा करून अ-ब तपासलं तर मात्र सुमारे ०.६२ उरतातच. खरी जोडणी टिकते, उसनी गळून पडते.

पण वजा करायला ब ची नोंद हाती हवी. ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेची नोंद; त्यासाठी डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडना खोलवरचा थॅलॅमस नीट ऐकू येत नाही, आणि मेंदूच्या कितीतरी भागांना निरोप देणारा तोच तर असतो. उलटा धोकाही आहे. अ आणि क दोघंही स्वतंत्रपणे ब ला निरोप देत असतील, तर ब वजा केल्यावर नसलेलं नातं उगवतं. ब मधली एकूण हालचाल ठरलेली धरली, की अ चा वाटा जास्त म्हणजे क चा कमी, असा हिशेब तयार होतो. म्हणून दिसेल ते सगळं वजा करणं हाही उपाय नव्हे.

काळाचा आधार घेता येतो. अर्थशास्त्रज्ञ क्लाइव्ह ग्रेंजर यांनी १९६९ मध्ये मांडलेली कसोटी मेंदूसाठीही वापरतात: अ चा भूतकाळ कळल्याने क चं भाकीत सुधारतं का? ब चा भूतकाळ आधीच माहीत असतानाही सुधारत असेल, तर थेट जोडणीचा संशय बळावतो. एमआरआयमध्ये मात्र ही कसोटी सहज फसते. तिथे आपण रक्तप्रवाह मोजतो. तो चेतापेशींच्या मागून काही सेकंदांनी वाढतो, आणि हा उशीर प्रत्येक भागात सारखा नसतो.

सगळ्यात भरवशाचं म्हणजे स्वतः टिचकी मारून बघणं. ज्यांची फिट औषधांनी आटोक्यात येत नाही, अशा काही रुग्णांच्या मेंदूत शस्त्रक्रियेआधी इलेक्ट्रोड बसवतात. एका जागी विजेचा छोटासा झटका देतात आणि बाकीच्या जागी कान लावतात. साधारण १० ते ५० मिलिसेकंदांत टोकदार लाट उठली, तर वाट थेट किंवा अगदी जवळची मानतात. मागून येणाऱ्या संथ लाटा बहुधा वळणं घेऊन आलेल्या. थॅलॅमसमार्गे झटपट आलेला निरोप इथेही चकवू शकतो. तरी फिट कुठून सुरू होते आणि कुठे नुसती पोचते, हे ठरवताना डॉक्टर या लाटांचीही मदत घेतात, कारण कापायचा असतो तो सुरुवातीचा तुकडा.