वाद, हुज्जत आणि तोंडी परीक्षेचे वीस गुण

राज्य मंडळाच्या दहावीत भाषा विषयांचे अंतर्गत मूल्यमापनाचे, म्हणजे तोंडी परीक्षा घेऊन शाळेनेच द्यायचे, 20 गुण 2018-19 या एका वर्षापुरते गेले आणि पुढच्याच वर्षी परत आले. मधल्या काळात जो गदारोळ झाला तो टक्क्यांचा, अकरावीच्या प्रवेशाचा आणि पालकांच्या संतापाचा होता. मुलाला आपले म्हणणे मुद्द्याने मांडता येते का, समोरच्याचे ऐकून घेऊन त्याला पटवून देता येते का, आणि हे शाळेत नेमके शिकवते कोण, हा प्रश्न त्यात बाजूलाच राहिला. प्रश्न जुना आहे आणि त्याचा बराचसा गुंता एका शब्दात आहे.

घरात ‘वाद’ हा शब्द बहुधा ‘घालू नकोस’ला जोडूनच येतो. शाळेत ‘का?’ विचारणारा मुलगा ‘उलट उत्तर देतो’, मुलगी असेल तर ‘तोंड वर करून बोलते’. न्यायसूत्रांनी, म्हणजे तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथाने, मात्र चर्चेचे तीन प्रकार काटेकोरपणे वेगळे केले होते. खरे काय ते कळावे म्हणून दोघांनी प्रमाणे देत केलेली चर्चा तो वाद. केवळ जिंकण्यासाठी, प्रसंगी शब्दच्छल करून केलेला तो जल्प. स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याचे नुसते खोडून काढणे ती वितंडा. मराठीने यातला पहिला आणि तिसरा एकत्र बांधून ‘वितंडवाद’ केला. जे शोधण्यासाठी होते आणि जे मोडण्यासाठी होते, ते एकाच शब्दात कोंबले गेले.

‘हुज्जत’चेही तेच. मूळ अरबीत या शब्दाचा अर्थ पुरावा, दाखला. आपल्याकडे ‘पोलिसांशी हुज्जत घातली’ असे बातमीत छापून येते, तेव्हा त्यात पुरावा कुठेच नसतो. ‘पटवून देणे’ हे स्वच्छ क्रियापद आपल्याकडे आहे, पण त्यातले ‘देणे’ गळाले की ‘पटवणे’ उरते आणि अर्थ भलतीकडे जातो. ‘युक्तिवाद’ कोर्टात गेला. ‘तुटे वाद संवाद तो हितकारी’ हे पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून पाठ करून घेतले गेले. त्यातला ‘तुटे वाद’ मोठ्यांनी उचलला, संवाद कसा करायचा ते सांगायचे राहिले. शब्दांचा हा इतिहास मी मुद्दाम लांबवतो आहे, कारण शिक्षकाला जे कौशल्य शिकवायचे त्याचे नावच भाषेत बदनाम असेल तर वर्गात ते उभे राहणे अवघड असते.

प्राचीन शिस्तीबद्दल एवढेच सांगणे पुरे की प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन अशा पाच पायऱ्यांनी म्हणणे सिद्ध करायचे आणि आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचे म्हणणे, नीट मांडायचे ही रीत पक्की होती. ती पाठशाळेत होती आणि पाठशाळेचे दार बहुतेकांना बंद होते.

ते दार उघडल्यावर काय होते, हे 1855 साली दिसले. पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या मातंग समाजातल्या एका मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. तिचे नाव मुक्ता साळवे. त्या निबंधातले दुःख सगळे सांगतात, त्यातली युक्ती फार कोणी पाहत नाही. वेद आमचेच, इतरांनी ते पाहायचेही नाहीत, असे ब्राह्मण म्हणतात ना, मग आम्हांला धर्मपुस्तकच नाही आणि आम्ही धर्मरहित आहोत हे उघड झाले, असे ती म्हणते. विरोधकाचे विधान नाकारायचे नाही, ते खरे धरायचे आणि त्याच्याच टोकापर्यंत चालत जायचे. विद्यार्थ्याने लिहिलेल्या मराठी युक्तिवादाचा इतका धारदार नमुना पुढच्या पावणेदोनशे वर्षांत किती सापडतील, मला शंका आहे.

त्याआधी, 1848 मध्ये, मुंबईत एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेच्या विद्यार्थ्यांनी स्वतःची सभा काढली होती. एकाने निबंध वाचायचा आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचे, अशी तिथली पद्धत. पुण्यात 1875 पासून वसंतातली व्याख्यानमाला सुरू झाली, ती आजही चालते. पण या दोन वाटा वेगळ्या होत्या. पहिलीत ऐकणारा उलट बोलू शकत होता. दुसरीत एक वक्ता आणि पुढे श्रोते. शाळांनी पुढे दुसरी वाट धरली. 1 ऑगस्टचे भाषण आठवून पाहा. बाईंनी लिहून दिलेला कागद, आईने पाठ करून घेतलेला, आणि सुरुवात ठरलेली: ‘आदरणीय व्यासपीठ, गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो’. आवाज, हातवारे, पाठांतर, सगळ्याला गुण. भाषण संपल्यावर एखाद्या बालमित्राने प्रश्न विचारायची सोय नाही. महाविद्यालयांत फिरत्या करंडकाच्या वादविवाद स्पर्धा रुजल्या, त्यांतून चांगले वकील, संपादक, पुढारी घडले, पण तिथे पोचणारी मुले मूठभरच.

वर्गातल्या प्रत्येक मुलाचे बोलणे मोजायचे, असा विचार धोरणात आला तो 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर. ‘ज्ञानरचनावाद’, म्हणजे मूल आपले ज्ञान स्वतः घडवते हा विचार, हा शब्द प्रशिक्षणांतून सगळ्या शिक्षकांच्या कानावर पडला. 2010 मध्ये राज्यात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि आकारिक, म्हणजे वर्षभर शिकता शिकता होणाऱ्या, मूल्यमापनाच्या साधनांत तोंडी कामाला स्वतंत्र जागा मिळाली. दहावीला शाळेच्या हातातले 20 गुण होतेच.

आणि तिथेच अडचण होती. पट साठचा असेल तर एकेका मुलाला तीनच मिनिटे दिली तरी तीन तास लागतात. म्हणून पाच-पाच रोल नंबर एकदम बोलवायचे, एकाने उतारा वाचायचा, दुसऱ्याने ‘माझा आवडता सण’वर चार वाक्ये बोलायची, आणि रकान्यात 18, 19, 18, 20. उत्तीर्ण व्हायला लेखी आणि अंतर्गत मिळून 35 गुण पुरत. म्हणजे अंतर्गत 18 मिळालेल्या मुलाला 80 च्या लेखी पेपरात 17 पुरे. गुणांची ही खिरापत थांबवायची, म्हणून कृतिपत्रिका, म्हणजे पाठांतराऐवजी कृतींवर बेतलेली नवी प्रश्नपत्रिका, आणताना भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून पूर्ण 100 गुणांची लेखी परीक्षा ठेवली गेली.

जून 2019 मध्ये निकाल लागला 77.10 टक्के. आदल्या वर्षी तो 89.41 होता. केंद्रीय मंडळांच्या मुलांकडे अंतर्गत गुण शाबूत होते, त्यामुळे अकरावीच्या यादीत राज्य मंडळाची मुले मागे पडणार, ही भीती खरी होती. त्या मुलांचे अंतर्गत गुण प्रवेशासाठी धरू नयेत, अशीही मागणी झाली. समिती बसली, आणि ऑगस्टमध्ये 20 गुण परत देण्याचा निर्णय झाला. 2020 चा निकाल 95.30 टक्के लागला.

दोन्ही निर्णयांच्या बाजूने बोलता येते. मला मात्र दोन्ही वेळची चूक एकच वाटते. गुण काढणाऱ्यांनी खिरापत थांबवली, पण त्याबरोबर दहावीच्या भाषा-परीक्षेत मुलाने तोंड उघडायची एकमेव जागाही बंद केली. परत आणणाऱ्यांनी गुण परत दिले, पण त्या तीन मिनिटांत मुलाला काय विचारायचे, याची चर्चा केली नाही. ‘माझा आवडता सण’ऐवजी ‘शाळेत मोबाइल आणू द्यावा का, आणि नको म्हणणाऱ्या बाईंना तू काय सांगशील’ एवढे विचारायला जादा गुण लागत नव्हते.

बारावीच्या इंग्रजीत काही वर्षे याच्या जवळ जाणारा ‘व्ह्यू-काउंटरव्ह्यू’ हा प्रश्न होता. एका बाजूचे मुद्दे छापलेले, विद्यार्थ्याने विरुद्ध बाजूचा परिच्छेद लिहायचा. कल्पना उत्तम, पण प्रत्येक मुद्द्याला नकार जोडला की परिच्छेद तयार होतो, हे मुलांच्या लवकरच लक्षात आले.

2021 मध्ये कोरोनामुळे दहावीची परीक्षाच झाली नाही. नववीच्या निकालाला 50, दहावीच्या अंतर्गत लेखी कामाला 30 आणि तोंडी-प्रात्यक्षिकासारख्या कामाला 20 अशा सूत्राने गुण दिले गेले. शाळा बंद, मुले फोनपलीकडे. निकाल 99.95 टक्के.

आता मराठीच्या कृतिपत्रिकेत या कौशल्याची जागा आहे ती ‘स्वमत’ या कृतीत. उताऱ्याखाली विचारलेले असते, ‘तुमचे मत सोदाहरण स्पष्ट करा’. जूनमध्ये दप्तरात येणाऱ्या गाइडमध्ये प्रत्येक पाठाखाली स्वमताचे उत्तर छापलेले असते, उदाहरणासकट. ‘माझ्या मते’ या शब्दांनी ते सुरू होते. ते पाठ करून परीक्षेत उतरवले की तपासणारा त्याला गुण देतो, कारण त्याच्यापुढच्या उत्तरसूचीत ‘योग्य स्वमतास गुण द्यावेत’ एवढेच असते, आणि ते मत कोणाचे, हे विचारायची जागा त्या कागदावर नाही.