चक्रीवादळ आणि समुद्राची घुसळण

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ अरबी समुद्रातून गुजरातकडे गेलं, तेव्हा किनाऱ्यापासून इतक्या लांबच्या जळगाव जिल्ह्यातही वादळी वारं सुटलं. आदल्या वर्षी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ जमिनीवर आलं आणि क्षीण होत उत्तर महाराष्ट्रावरून पुढे सरकलं. खानदेशातल्या केळीबागा आडव्या करणारी वादळं बहुतेकदा उन्हाळ्यातली, स्थानिकच असतात. तरीही अरबी समुद्रातलं वादळ किती जोर धरणार, हा प्रश्न आता रावेर-यावलच्या केळी उत्पादकांचाही आहे.

चक्रीवादळ समुद्राच्या उबेवर पोसतं. पृष्ठभागाचं पाणी साधारण २६-२७ अंश सेल्सिअसहून गरम असेल तिथेच ते जन्मतं, हे फिनलंडचे हवामानशास्त्रज्ञ एरिक पामेन यांनी १९४८ मध्ये दाखवलं. पुढे १९६४ मध्ये मेक्सिकोच्या आखातातून हिल्डा वादळ गेल्यावर समुद्रशास्त्रज्ञ डेल लायपर यांनी जहाजावरून नोंदी घेतल्या. वादळाच्या वाटेवरच्या पाण्याचं तापमान ५ अंशांहून जास्त उतरलं होतं.

एवढी उष्णता बाष्पीभवनाने गेली असेल, असं कुणालाही वाटेल. पण तो वाटा लहान निघाला. वारा वरचं पाणी ओढत नेतो, खालचं मागे राहतं; त्या ओढाताणीत दोन्ही थर घुसळतात आणि गार पाणी वर मिसळतं. थंडाव्याचा मोठा भाग या घुसळणीचाच, हे समुद्रशास्त्रज्ञ जेम्स प्राइस यांनी १९८१ मध्ये मांडलं. उत्तर गोलार्धात हा थंडावा वादळाच्या वाटेच्या उजवीकडे जास्त पडतो, कारण तिथे वारा आणि पाण्याचा प्रवाह एकाच बाजूला वळत जातात. वादळ रेंगाळलं तर खोलातलं पाणी थेट वर येतं आणि वादळाचाच जोर ओसरतो.

बंगालच्या उपसागरात पावसाळ्यानंतर गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं, हलकं पाणी वर पसरतं. ते सहजी खाली मिसळत नाही, म्हणून तिथे थंडावा कमी पडतो. आपली तापी अरबी समुद्राला मिळते, पण त्या खाऱ्या समुद्रावर तसा थर पसरवण्याइतकं तिचं पाणी नाही. तिथे महत्त्वाची ठरते ती उबदार थराची जाडी. थर जाड असेल तर कितीही घुसळलं तरी वर गरमच पाणी येतं आणि वादळाला लगाम लागत नाही. २६ अंशांच्या वरचं पाणी किती खोलवर आहे आणि त्यात किती उष्णता साठली आहे, याचं माप लायपर आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७२ मध्ये सुचवलं. हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था आज हिंदी महासागरासाठी तेच माप काढते.