शब्दवही: एका शब्दाला तीन ओळी कशासाठी?

इंग्रजी शब्द शिकण्यासाठीची आमची ही वही उघडली की बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. शब्द, पुढे बरोबरचं चिन्ह, पुढे मराठी अर्थ, झालं की काम! तशा वह्या आपण सगळ्यांनीच शाळेत भरल्या आहेत. त्यातले किती शब्द आज बोलताना तोंडात येतात, ते ज्याचं त्यानं पाहावं. आमच्या वहीत अर्थाला कोपऱ्यातली चिमूटभर जागा आहे, बाकी सगळी वाक्यांना.

'रिलक्टंट' हा शब्द घ्या. अर्थ, मनातून तयार नसलेला. पहिलं वाक्य हमखास येतं ते असं: 'ही इज रिलक्टंट.' व्याकरण बिनचूक, पण ओळ वाया गेली. शब्दावर बोट ठेवून वाचा. तिथे उंच, आजारी, श्रीमंत, काहीही बसतं. आता हे पाहा: 'शी वॉज रिलक्टंट टु साइन बिकॉज शी हॅड नॉट रेड द पेपर्स.' कागद वाचले नव्हते, म्हणून ती सही करायला कां-कूं करत होती. आता बोट ठेवलं तरी 'हॅपी' तिथे बसत नाही. शिवाय पुढे 'टु' येतो, हेही हाताला कळलं. लिहिलेल्या प्रत्येक वाक्यावर असं बोट ठेवून पाहा.

पहिली ओळ शब्दकोशातल्या उदाहरणाची. बेलाशक उतरवून घ्या, ती कॉपी नव्हे. दुसरी ओळ तुमची: तुमच्या ओळखीची माणसं, खरं घडलेलं काहीतरी. भांडण असेल तर आणखी छान, ते विसरत नाही. तिसरी ओळ आठवड्यानं, वरच्या दोन झाकून. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करून १८८५ साली दाखवलं की विसरणं सुरुवातीला झपाट्यानं होतं आणि मग मंदावतं. म्हणून शब्द आठवायला डोकं खाजवावं लागलं तर वाईट वाटून घेऊ नका, तिसरी ओळ त्यासाठीच आहे.

लिहिण्यानं खरंच फरक पडतो का? यान हुल्स्टाइन आणि बातिया लाऊफर या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांनी २००१ मध्ये इंग्रजी शिकणाऱ्यांना दहा नवे शब्द तीन प्रकारे दिले: नुसता उतारा वाचणे, वाचून गाळलेल्या जागा भरणे आणि ते शब्द वापरून पत्र लिहिणे. लिहिणाऱ्यांच्या लक्षात सर्वांत जास्त राहिले. त्यांना वेळही जास्त मिळाला होता, हे खरं. पण शब्दापाशी वेळ घालवायला लावणं हेच तर या ओळींचं काम.

आपली खरी गोची होते ती मराठीच्या सावलीमुळे. आपण एखाद्या गोष्टी'बद्दल' चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस अबाउट' लिहितो. इंग्रजीत 'डिस्कस'नंतर थेट विषय येतो. 'मला समजावून सांग'चं 'एक्सप्लेन मी' होतं; हवं 'एक्सप्लेन इट टु मी'. 'जायचं टाळलं'चं 'अवॉइडेड टु गो' होतं. हवं 'अवॉइडेड गोइंग'. अर्थ पाठ असूनही या चुका होतात आणि त्या वाक्य लिहिल्याशिवाय दिसतच नाहीत. तपासायला कुणी नसेल तर नव्या शब्दाच्या लगेच आधी आणि नंतर काय आलंय, एवढंच शब्दकोशाशी ताडून पाहा. वाक्यातल्या बाकीच्या चुका सध्या राहू द्या.

सगळ्याच शब्दांना तीन ओळी लागत नाहीत. 'हातोडी', 'शिडी' असल्या शब्दांना छोटं चित्र पुरतं. चित्र वाईट आलं तरी चालतं.

आमच्या पहिल्या वहीत एका पानावर दहा शब्द होते. लोक ते एका बैठकीत भरून टाकायचे आणि वही मिटायचे. म्हणून आता पानावर तीनच आहेत. रोज एक पान पुष्कळ झालं. आणि शाईचं पेन शक्यतो टाळा, कागद पातळ आहे, मागच्या पानावर उमटतं.