वसंतातला चिखल

पाणथळीवर गेलं की नजर आपसूक मोकळ्या पाण्याकडे वळते. वसंतात ती ठेवावी पाण्याच्या कडेला, नुकत्याच उघड्या पडलेल्या ओल्या चिखलाच्या पट्ट्यावर. उत्तरेकडे परतणाऱ्या पाणपक्ष्यांची शिदोरी तिथेच बांधली जाते.

त्या चिखलाच्या वरच्या काही सेंटिमीटरमध्ये न चावणाऱ्या, डासासारख्या दिसणाऱ्या माश्यांच्या लालभडक अळ्या असतात. हा लाल रंग हिमोग्लोबिनचा. प्राणवायू जेमतेम असलेल्या गाळात त्याच्याच बळावर त्या तग धरतात. चिखल ओला आणि मऊ आहे तोवरच त्या चोचीला लागतात. वर पापुद्रा धरला की सारं संपलं.

म्हणून पाणी किती आहे, यापेक्षा ते किती वेगाने ओसरतंय हे महत्त्वाचं. आठवड्याला दोन-चार सेंटिमीटर पातळी उतरली, तर रोज ताजा पट्टा उघडा पडतो आणि ताट पुन्हा वाढलं जातं. बांधाचं दार एकदम उघडून दोन दिवसांत पाणी सोडलं, तर सगळा गाळ एकदमच उघडा पडतो, एकदमच सुकतो आणि त्यावर पाणकणीस हे उंच पाणगवत माजतं. उलट, पातळी जराही हलू दिली नाही तर बदकं खूश राहतात, पण चिखलातले पक्षी उपाशी.

पट्ट्यावर कोण कुठे उभं आहे, ते चोच आणि पाय ठरवतात. चिमणीएवढा छोटा टिलवा अगदी कडेला, दोन-तीन सेंटिमीटर पाण्यापर्यंतच. दहा सेंटिमीटरच्या आसपास चोच असलेला मालगुजा पोटापर्यंत पाण्यात उतरतो. पाणलावा चोच मुळापर्यंत खुपसतो. तिच्या टोकाशी स्पर्शाची सूक्ष्म इंद्रियं असतात, आणि बाकी चोच मिटलेली ठेवून फक्त वरच्या चोचीचं टोक तो चिखलाच्या आत उचलू शकतो. आखूड चोचीचा, मोठ्या डोळ्यांचा चिखल्या मात्र धावतो, थबकतो, टिपतो. त्याची शिकार नजरेची.

या खाण्याची घाई किती, ते एका उदाहरणावरून कळतं. २००७ च्या मार्चमध्ये उपग्रह ट्रान्समीटर लावलेली पट्टेरी शेपटीच्या मालगुजाची एक मादी न्यूझीलंडहून चीन-कोरियामधल्या पिवळ्या समुद्राच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे १०,००० किलोमीटर न थांबता उडाली. अशा उड्डाणाआधी या पक्ष्यांचं निम्मं वजन चरबीचं होऊ शकतं. निघायच्या वेळी जठर आणि आतडी आकसतात, कारण वाटेत पचवायला काही नसतं आणि ते ओझं वाहायचं कशाला? फोटोसाठी थवा उठवला, तर खाण्याचा वेळ जातो आणि अशी साठवलेली चरबी जळते. थवा एकाएकी माना ताठ करून उभा राहिला, की आपण जास्त जवळ आलो आहोत. तिथूनच मागे फिरावं.

मुक्कामाला राहिलेल्यांचं काम वेगळं. लांब पायांचा शेकाट्या आणि टिटवी उघड्यावर उथळ खळग्यात, बहुतेकदा चार अंडी घालतात, टोकं आत वळवलेली. वरून कडक ऊन. गर्भ साधारण ३७-३८ अंशांना वाढतो, त्याहून चार-पाच अंश अधिक तापला तर मरतो. मग पक्षी पाण्यात बसून पोटाची पिसं भिजवतो, खळग्याशी येतो आणि ती ओल अंड्यांवर धरून उभा राहतो. दुर्बिणीतून थेंब गळताना दिसतात. ऐन दुपारी अशा जागी पाऊल टाकलं, की पक्षी उठतो, अंडी उघडी पडतात आणि काही मिनिटांत तापतात. टिटवी डोक्यावरून ओरडत झेपावू लागली, तर घरटं शोधत बसू नये. आलो त्याच पावलांच्या ठशांवरून परत फिरावं, म्हणजे न दिसलेलं अंडं पायाखाली येत नाही.

सकाळी सूर्य पाठीशी ठेवून ८ बाय ४२ च्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीने बघितलं, तर राखाडी मालगुजावर चढलेला विटकरी रंग स्पष्ट दिसतो. पण निघणारे थवे बघायचे तर सूर्यास्ताआधीचा तास-दोन तास थांबावं. पाठीचा वारा असलेल्या संध्याकाळी चरणं थांबतं, आंघोळी होतात, हाका वाढतात. मग थवा उठतो, घिरट्या घेत उंच जातो. काही पक्षी परत खाली उतरतात. त्यांची चरबी अजून पुरेशी झालेली नसावी.