जंतू मरतात, प्रथिन उरते : मासळी कारखान्यांतल्या ॲलर्जीच्या नियमांची पार्श्वभूमी

१९२१ साली तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरात हाइन्झ क्यूस्टनर या डॉक्टरांना शिजवलेला मासा खाल्ला की त्रास व्हायचा. त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यांनी क्यूस्टनर यांच्या रक्तातला द्रव स्वतःच्या कातडीखाली टोचला आणि दुसऱ्या दिवशी तिथेच माशाचा अर्क टोचला. गांधी उठली. ॲलर्जी रक्तातून दुसऱ्याकडे नेता येते, हे त्यातून कळले. पुढे नॉर्वेत कॉड माशावर काम झाले आणि ॲलर्जी करणारे प्रथिन म्हणजे पार्वाल्ब्युमिन, हे कळले. ते उकळले, तळले तरी बऱ्याच अंशी टिकते. कारखान्यांची सगळी अडचण या गुणात आहे.

कोकणातल्या मासळी कारखान्यांची शिस्त घडली ती कुजणे आणि जंतू यांच्या धास्तीने. १९९७ मध्ये युरोपीय संघाने भारतीय मासळीची आयात रोखली. त्याच वर्षाअखेर अमेरिकेत मासळीसाठी हॅसेप, म्हणजे धोक्याच्या जागा आधीच हेरून त्यांवर लक्ष ठेवण्याची पद्धत, बंधनकारक झाले. मग बर्फ, क्लोरीनचे पाणी, हातमोजे, तापमानाच्या नोंदी हे सारे अंगवळणी पडले. ते आवश्यकच होते. पण क्लोरीनने जंतू मेला तरी मासळी वाहणाऱ्या पट्ट्यावर वाळलेला प्रथिनाचा थर निघत नाही. तो आधी डिटर्जंटने घासून काढावा लागतो. जोराच्या फवाऱ्याने धुतले तर तुषार शेजारच्या उत्पादनाच्या लाइनवर जाऊन बसतात.

१९९९ मध्ये कोडेक्स या अन्नाची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या संस्थेने लेबलवर लिहायच्या ॲलर्जिनची, म्हणजे ॲलर्जी करणाऱ्या पदार्थांची, यादी ठरवली. युरोपचा नियम २००३ चा, अमेरिकेचा कायदा २००४ चा. आपल्याकडे एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेचे लेबलिंगचे नियम २०२० मध्ये आले आणि त्याच वर्षी कोडेक्सने ॲलर्जिन कसे सांभाळावे याची कार्यसंहिता काढली. या याद्यांत मासा वेगळा आणि कोळंबी-खेकडा वेगळा, हे मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. कोळंबीतले मुख्य ॲलर्जिन ट्रोपोमायोसिन आहे. कोळंबी न चालणाऱ्या माणसाला सुरमई चालू शकते, आणि उलटही. म्हणजे कोळंबीचे ब्रेडेड तुकडे आणि माशाचे फिंगर एकाच तेलात तळले, तर दोघांचाही घात होऊ शकतो.

रत्नागिरीत राणी माशापासून होणारी सुरिमी, म्हणजे धुतलेल्या मासळीचा लगदा, घ्या. दळलेले मांस थंड पाण्यात पुन्हा पुन्हा धुताना पाण्यात विरघळणारे पार्वाल्ब्युमिन पुष्कळसे जाते, पण सगळे नाही. पुढे त्याच्या ‘क्रॅब स्टिक’ होतात तेव्हा अंड्याचा पांढरा भाग, गव्हाचा स्टार्च, कधी सोया, कधी खेकड्याचा अर्क मिसळतो. वरून खेकडा दिसणाऱ्या त्या कांडीत मुख्य माल मासाच असतो. सुक्या मासळीत तर सरमिसळ जाळ्यातच होते. जवळ्यात बारीक मासे येतातच, आणि निवडणाऱ्या बायकांनी कितीही निगुतीने निवडले तरी लेबलवर दोन्ही लिहिणे भाग आहे.

बांगड्याची एक तक्रार मात्र यातून बाजूला काढायला हवी. बर्फाविना राहिलेल्या बांगड्यात जंतूंमुळे हिस्टामिन हे त्रासदायक रसायन साठते. खाणाऱ्याचे तोंड लाल होते, पुरळ उठते, आणि ते ॲलर्जीसारखेच दिसते. तिथे लाइन वेगळ्या करून उपयोग नाही, बर्फ वेळेवर घालावा लागतो.

लाइन धुऊन झाल्यावर तिच्यावरून स्वॅब, म्हणजे बोळ्याने पुसून नमुना, घेऊन प्रथिन उरले का ते तपासतात. पण कॉडच्या पार्वाल्ब्युमिनवर बेतलेले तपासणीचे किट सगळ्या जातींचे प्रथिन सारखेच ओळखत नाही, त्यामुळे विकत घेण्यापूर्वी ते राणी मासा, बांगडा, सौंदाळा अशा आपल्या लाइनवर येणाऱ्या मासळीवर चालवून पाहावे लागते.